एस्टॅब्लिशमेंट: आस्थापना कुठे आणि प्रस्थापित कुठे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की भाषांतराचं काम नुकतंच हातात घेतलंय आणि एकाच आठवड्यात एस्टॅब्लिशमेंट हा शब्द तीनदा आडवा आला, एकदा नगरपालिकेच्या बजेटात, एकदा पाकिस्तानच्या बातमीत आणि एकदा साठच्या दशकातल्या मराठी लेखकांवरच्या इंग्रजी लेखात, जिथे त्यांना अँटी-एस्टॅब्लिशमेंट म्हटलंय. डिक्शनरीत संस्था, स्थापना, आस्थापना, प्रस्थापित व्यवस्था असे शब्द एका ओळीत दिलेत पण कुठला कुठे वापरायचा ते कुणी सांगत नाही. मी गेली सव्वीस वर्षं इंग्रजीतून मराठी करतोय, त्यातली निम्मी कोर्टाच्या आणि लेबरच्या कागदांवर गेली, बाकीची पेपरच्या डेस्कवर आणि पुस्तकांवर, त्यामुळे हा शब्द दोन्ही बाजूंनी भरपूर हाताळलाय. सविस्तरच लिहितो, कारण हा शब्द चुकला तर माणसाचं नुकसान होतं आणि ते मी समोर बसून बघितलंय.

आधी मूळ बघा म्हणजे पुढचं सोपं जाईल. लॅटिनमधे स्टॅबिलिस म्हणजे स्थिर, पक्कं. तिथून फ्रेंच आणि तिथून इंग्रजी. आपल्या संस्कृतातला स्था धातू आणि तो लॅटिन शब्द एकाच कुळातले, त्यामुळे स्थापना, आस्थापना, प्रस्थापित हे सगळे मराठी शब्द त्या इंग्रजी शब्दाचे लांबचे नातेवाईकच आहेत. अडचण ही की आपल्याकडे प्रत्येक उपसर्गाने वेगळं घर केलंय आणि इंग्रजीत सगळे एकाच घरात राहतात.

आता पहिलं घर, आस्थापना. कुठल्याही पंचायत समितीत, झेडपीत, महापालिकेत गेलात तर आस्थापना शाखा असते, तिथल्या माणसाला आस्थापना लिपिक म्हणतात, नाहीतर सरळ "आस्थापना टेबल". सेवापुस्तकं त्याच्याकडे, रजेचा हिशोब, वेतनवाढ, पगारबिल, बदली, पेन्शनचे कागद सगळं त्याच्याकडे. इथे एस्टॅब्लिशमेंट म्हणजे इमारत नाही, ऑफिसही नाही. मंजूर पदं आणि त्या पदांवरची माणसं, एवढाच त्याचा अर्थ. सैन्यातसुद्धा पीस एस्टॅब्लिशमेंट आणि वॉर एस्टॅब्लिशमेंट असे शब्द आहेत, म्हणजे शांततेच्या काळात युनिटला किती माणसं आणि काय काय सामान मंजूर, युद्धाच्या वेळी किती, तोच अर्थ. आपल्याकडे त्या मंजूर पदांच्या आराखड्याला आकृतिबंध म्हणतात, "आकृतिबंध मंजूर झाला नाही" हे वाक्य ज्याने सरकारी ऑफिसात कधी काम अडवून घेतलंय त्याला पाठ असतं.

म्हणून तुमच्या बजेटातल्या वाक्याला "आस्थापना खर्च" हेच उत्तर, दुसरं काही शोधू नका. पगार, भत्ते, पेन्शन असा माणसांवरचा खर्च. महापालिकांच्या बातम्यांमधे तुम्ही वाचलं असेल की आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या वर गेल्यामुळे भरती अडली, तो हाच. तिथे कुणी "स्थापना खर्च" लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल नगरपालिका स्थापन करायला आलेला खर्च, आणि "संस्थेचा खर्च" लिहिलं तर त्यात रस्ते, गटारं, दिवे सगळंच आलं.

ते नुकसानीचं म्हणालो ते इथलंच. सुरुवातीच्या वर्षांत एका पाणीपुरवठ्याच्या व्हॉल्वमनची केस होती, कायम करण्यासाठीची. समोरच्या बाजूच्या इंग्रजी म्हणण्यात एक वाक्य होतं की अर्जदार हा त्यांच्या एस्टॅब्लिशमेंटवर कधीही बोर्न नव्हता. बोर्न म्हणजे इथे जन्म नव्हे, पटावर असणं. मी घाईत लिहिलं, "अर्जदार कधीही संस्थेत नव्हता." ते मराठी त्या माणसाला वाचून दाखवलं गेलं. दुसऱ्या दिवशी तो वकिलांच्या चेंबरमधे आला, दुधाच्या पिशवीत मस्टरच्या झेरॉक्स आणि एक जुनं हजेरी कार्ड घेऊन, आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "साहेब, मग अकरा वर्षं मी रोज पहाटे चारला कुणाचं पाणी सोडत होतो?" त्याच्या हातावर व्हॉल्वच्या चावीचे घट्टे होते. समोरच्या बाजूने तो तिथे नव्हता असं म्हटलंच नव्हतं, तो आस्थापनेवर नव्हता असं म्हटलं होतं, म्हणजे मंजूर पदावर नव्हता, रोजंदारीवर होता. ती दोन वाक्यं कायद्यात जमीन-अस्मान वेगळी. पहिलं खोटं आहे म्हणून त्याला लढायचं होतं आणि त्याची खरी लढाई दुसऱ्याशी होती, की अकरा वर्षं काम करून घेतलंत तर आस्थापनेवर का घेतलं नाहीत. भाषांतर दुरुस्त करून पुन्हा दाखल करण्यात एक तारीख गेली. तेव्हापासून हा शब्द समोर आला की मी आधी विचारतो, इथे जागेबद्दल बोलणं चाललंय, पटाबद्दल की सत्तेबद्दल.

त्यामुळे "आस्थापनेवर असणे", "आस्थापनेवर घेणे" हे प्रयोग डोक्यात पक्के बसवा. बांधकाम आणि पाटबंधारे खात्यात तर "रूपांतरित अस्थायी आस्थापना" असा एक प्रकार आहे, रोजंदारीवरच्या माणसांना काही वर्षांनी त्याच्यावर घेतात. असे शब्द बदलून सोपे करायच्या फंदात पडू नका. ज्याचं पोट त्यावर चालतं त्याला तो शब्द अगदी बरोबर कळतो.

आस्थापनेचा दुसरा अर्थ जागेचा, धंद्याचा. दुकानात गल्ल्याच्या मागे लक्ष्मीच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावलेलं असतं ते गुमास्ता लायसन, ते ज्या कायद्याखाली मिळायचं त्याचं नाव मुंबई दुकाने व संस्था अधिनियम, १९४८ आणि आता त्याच्या जागी आलेला २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम. जुन्या कायद्याच्या मराठीत संस्था होती, नव्यात आस्थापना आली. हा बदल मला तरी बरा वाटतो, कारण मराठी माणसाला संस्था म्हटलं की शाळा चालवणारी, नाहीतर समाजकार्य करणारी मंडळी डोळ्यासमोर येतात, वडापावचं दुकान किंवा सीएचं ऑफिस येत नाही. आणि सर्वसामान्य लोकांना हा शब्द खरा कळला तो २०२० मधे, लॉकडाऊनच्या आदेशांत "अत्यावश्यक सेवा वगळून सर्व आस्थापना बंद राहतील" असं रोज वाचून. एक बारीक गोष्ट, अनेकवचनही आस्थापनाच, ती आस्थापना, त्या आस्थापना. "आस्थापने" लिहिलेलं दिसतं ते चुकीचं. आणि आस्था म्हणजे जिव्हाळा, त्याच्याशी याचा अर्थाने संबंध लावू नका, धातू एक असला तरी.

कायद्याच्या कागदात मात्र आधी त्या कायद्यातली व्याख्या वाचायची, मगच पेन उचलायचं. १९५२ च्या प्रॉव्हिडंट फंडाच्या कायद्यात एस्टॅब्लिशमेंटमधे तिची सगळी खाती आणि सगळ्या शाखा धरल्या जातात, मग त्या एकाच गावात असोत की वेगवेगळ्या. म्हणजे पुण्यात बारा आणि नाशकात नऊ माणसं असली तरी मिळून आस्थापना एकच, वीसच्या वर गेली, कायदा लागू. तिथे तुम्ही "दुकान" किंवा "कार्यालय" असं लिहिलंत तर अर्थ फुटतो.

नावातला एस्टॅब्लिशमेंट मात्र जसाच्या तसा ठेवा. पुण्यात पाषाणला एआरडीई आहे, दिघीला आर अँड डीई, दोन्ही संरक्षण संशोधनाच्या संस्था, त्यातला शेवटचा ई हाच. आणि आपलं भाभा अणुसंशोधन केंद्र १९६७ च्या आधी ॲटॉमिक एनर्जी एस्टॅब्लिशमेंट, ट्रॉम्बे होतं, होमी भाभा १९६६ मधे विमान अपघातात गेले आणि मग नाव बदललं. जुन्या आठवणींच्या पुस्तकात ते नाव आलं तर तिथे आस्थापना लिहू नये, नाव तसंच ठेवून पुढे एकदा आजचं नाव सांगावं.

धर्माचा अर्थ पटकन सांगतो, कारण तो क्वचित येतो पण आला की हमखास चुकतो. इंग्लंडचं चर्च एस्टॅब्लिश्ड चर्च आहे, म्हणजे राज्याने अधिकृत मानलेलं, राजा त्याचा सर्वोच्च शासक (सुप्रीम गव्हर्नर), त्याचे २६ बिशप हाऊस ऑफ लॉर्ड्समधे बसतात. मी याला "राजमान्य चर्च" लिहितो, जुन्या पत्रांच्या मायन्यातला राजमान्य राजश्री आपल्याला माहीत आहे, शब्द अंगावर येत नाही. आयर्लंडमधल्या चर्चची ही राजमान्यता १८६९ च्या कायद्याने काढून घेतली, त्याला डिसएस्टॅब्लिशमेंट म्हणतात, त्याचं "चर्च बरखास्त केलं" असं मराठी मी छापलेलं पाहिलंय, ते साफ चूक, चर्च चालूच राहिलं, फक्त राजाश्रय गेला. तसंच अमेरिकेच्या घटनेतली पहिली दुरुस्ती, १७९१ ची. तिथे काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कुठल्याही धर्माच्या एस्टॅब्लिशमेंटबद्दल कायदा करायला बंदी आहे. "धर्माची स्थापना" लिहिलं तर वाटतं नवा धर्म काढायला बंदी. अर्थ असा की कुठल्याही धर्माला सरकारी धर्म करायचं नाही.

आता सत्तेचा अर्थ, ज्यासाठी तुम्ही खरं तर विचारलंय.

द एस्टॅब्लिशमेंट, मोठा ई आणि पुढे द. हा अर्थ इंग्लंडमधे लोकांच्या तोंडी बसला तो १९५५ मधे. गाय बर्जेस आणि डोनाल्ड मॅक्लीन हे ब्रिटिश परराष्ट्र खात्यातले दोन अधिकारी १९५१ मधे अचानक गायब झाले, ते सोव्हिएत रशियाचे हेर होते. हेन्री फेअरली नावाच्या पत्रकाराने स्पेक्टेटर साप्ताहिकात सप्टेंबर १९५५ मधे त्यावर लिहिलं आणि म्हटलं, की एस्टॅब्लिशमेंट म्हणजे फक्त अधिकृत सत्तेची केंद्रं नव्हेत, ती त्यात आहेतच, पण ज्या सरकारी आणि सामाजिक नातेसंबंधांच्या जाळ्यातून सत्ता वापरली जाते ते सगळं जाळं म्हणजे एस्टॅब्लिशमेंट. शब्द त्याच्या आधीही होता, इतिहासकार ए. जे. पी. टेलर यांनी १९५३ मधे याच अर्थाने वापरला होता, पण रुजला तो या लेखानंतर. इतका रुजला की १९६१ मधे लंडनच्या सोहो भागात पीटर कुक या विनोदी नटाने सत्ताधाऱ्यांची टिंगल करणारा क्लब काढला त्याचं नावच द एस्टॅब्लिशमेंट.

फेअरलीचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण भाषांतराची किल्ली तिथेच आहे. कुणी हुकूम काढत नाही, कागदावर सही नसते. एकाच शाळेत शिकलेले, एकाच क्लबात जेवणारे, एकमेकांच्या लग्नाला जाणारे लोक एकमेकांना फोन करतात आणि काम होतं किंवा होत नाही. म्हणजे आस्थापनेच्या बरोबर उलट बघा, तिथे सगळं पटावर, पदनामासकट, वेतनश्रेणीसकट लिहिलेलं, आणि इथे कुणाचंच नाव कुठल्या यादीत नाही. म्हणून या अर्थाला कधीही "सरकार" लिहू नका आणि "सत्ताधारी" पण लिहू नका. मी एक साधी परीक्षा लावतो, निवडणुकीत सरकार पडलं तर हे लोक जातात का? जात असतील तर सत्ताधारी. जात नसतील तर एस्टॅब्लिशमेंट. आपल्याकडचंच उदाहरण घ्या, तालुक्यात साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ आणि शिक्षण संस्था एकाच घराच्या हातात असतात, आमदार या पक्षाचा होवो की त्या पक्षाचा, कर्ज कुणाला मिळणार, ऊस कुणाचा आधी तोडला जाणार, मुलगा कुठल्या शाळेत शिक्षक म्हणून लागणार हे त्याच ओसरीवर ठरतं. याला मराठीत आपण प्रस्थापित म्हणतो आणि कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

प्रस्थापित हा शब्द मला इंग्रजीपेक्षा जास्त नेमका वाटतो, मनापासून सांगतो. इंग्रजीत एस्टॅब्लिशमेंट ही एक वस्तू आहे, एक धूसर काहीतरी, त्याच्यावर बोट ठेवता येत नाही. मराठीत प्रस्थापित म्हणजे माणसं, "प्रस्थापितांनी जागा अडवल्या", "प्रस्थापितांना धक्का", बहुवचनातच येतो, चेहरे दिसतात. आणि त्याच्या समोर आपल्याकडे विस्थापित उभा आहे. कोयनेत, उजनीत ज्यांची गावं पाण्याखाली गेली ते विस्थापित. राजकारणाच्या भाषणात "प्रस्थापित विरुद्ध विस्थापित" ऐकताना यमक म्हणून सोडून देऊ नका, एकाच्या पायाखाली जमीन आहे आणि दुसऱ्याच्या पायाखालची काढून घेतलीय हे सगळं त्या दोन उपसर्गांत आलंय, इंग्रजीत ही जोडी करताच येत नाही.

व्याकरणाची एक अडचण मात्र आहे. प्रस्थापित हे मुळात विशेषण. माणसांबद्दल बोलत असाल तर प्रस्थापित, प्रस्थापित वर्ग, प्रस्थापित घराणी. यंत्रणेबद्दल असेल तर प्रस्थापित व्यवस्था, कधी नुसतं "व्यवस्था" पुरतं. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचं जानेवारी १९६१ चं निरोपाचं भाषण आहे, त्यात ते प्रचंड मिलिटरी एस्टॅब्लिशमेंट आणि शस्त्रास्त्रांचा मोठा उद्योग एकत्र आल्याबद्दल इशारा देतात. तिथे प्रस्थापित नको आणि आस्थापना पण नको. ते सैन्याबद्दल, त्याच्या सगळ्या पसाऱ्याबद्दल बोलतायत, "लष्करी यंत्रणा" लिहा.

हिंदीवरून येणारा एक शब्द मराठी वेबसाइटवर सध्या सर्रास दिसतो, "सत्ता प्रतिष्ठान". हिंदीत तो बरोबर आहे, तिकडे दुकानालाही प्रतिष्ठान म्हणतात. मराठीत प्रतिष्ठान म्हटलं की ट्रस्ट, मुंबईचं यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठान, नाहीतर पैठणचं जुनं नाव. सत्ता प्रतिष्ठान वाचून मराठी वाचकाला वाटतं सत्ता नावाच्या कुणाचा तरी ट्रस्ट आहे. डेस्कवर असताना मी हा शब्द दिसला की खोडायचो, अजून खोडतो.

पाकिस्तानची बातमी. तिथे एस्टॅब्लिशमेंट म्हणजे सैन्याचं वरचं नेतृत्व आणि आयएसआय, आणि हे नाव न घेता सांगायची पद्धत. नाव घेणं महागात पडतं म्हणून तो शब्द तिथे आडोशासारखा वापरला जातो. उर्दू वर्तमानपत्रंही तो तसाच लिहितात, कधी मुक्तदिरा असा उर्दू शब्द येतो, आणि २०१८ च्या निवडणुकीच्या आधी नवाझ शरीफ यांनी "खलाई मखलूक" म्हणजे अंतराळातले जीव असा शब्द वापरला तेव्हा तो कुणाबद्दल आहे हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. म्हणून तुम्ही तिथे "लष्कर" लिहिलंत तर मूळ बोलणाऱ्याने जे झाकलं ते तुम्ही उघडं केलंत, आणि "प्रस्थापित" लिहिलंत तर जमीनदार घराणीही त्यात शिरली. माझा सल्ला, "एस्टॅब्लिशमेंट" देवनागरीत तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच "म्हणजे लष्कर आणि गुप्तचर यंत्रणा" असं बातमीदाराच्या तोंडून सांगून टाका. कुणा नेत्याचं विधान अवतरणात असेल तर मात्र त्याच्या तोंडी लष्कर घालू नका. आणि सावध रहा, इस्लामाबादेत एस्टॅब्लिशमेंट डिव्हिजन नावाचं खरंखुरं सरकारी खातं आहे, सनदी अधिकाऱ्यांच्या नेमणुका बदल्या बघणारं. ते सरळ आस्थापना विभाग. एकाच बातमीत दोन्ही आले तर घोळ होतो.

क्रियापदाबद्दल दोनच गोष्टी. राजनैतिक संबंध प्रस्थापित होतात, पण कोर्टात गुन्हा प्रस्थापित होत नाही, सिद्ध होतो, जुने वकील शाबीत म्हणतात. आणि वेल-एस्टॅब्लिश्ड वकील म्हणजे जम बसलेला वकील, त्याला प्रस्थापित वकील लिहिलंत तर टीका केल्यासारखं होतं. घटनेच्या कलम ३० मधे अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा हक्क आहे, त्यातल्या स्थापन करणे या एका शब्दावर अलीगढ विद्यापीठाची केस १९६७ पासून लढली गेली, विद्यापीठ मुस्लिम समाजाने स्थापन केलं की १९२० च्या कायद्याने, आणि नोव्हेंबर २०२४ मधे सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी १९६७ चा जुना निकाल बाजूला केला. तेव्हा कायद्याच्या कागदात स्थापन करणे, सुरू करणे, उभारणे हे हवे तसे फिरवून वापरू नका, एक शब्द धरला की शेवटपर्यंत तोच.

राहिलं तुमचं तिसरं वाक्य, अँटी-एस्टॅब्लिशमेंट लेखक. साठच्या दशकात मुंबईत लिटल मॅगझिनवाले, म्हणजे छोटी अनियतकालिकं काढणारे लेखक-कवी, सायक्लोस्टाईल करून अंक काढत होते, आणि १९७२ मधे दलित पँथर उभी राहिली, दोघांनाही इंग्रजी लेखक हाच एक शब्द लावतात. मराठीत "प्रस्थापितविरोधी" दोघांना चालेल, पण पुढचं वाक्य वाचून ठरवा. लिटल मॅगझिनवाल्यांचं भांडण मुख्यतः मोठी मासिकं, प्रकाशक, संमेलनं आणि तिथली गुळगुळीत भाषा यांच्याशी होतं, तिथे "प्रस्थापित साहित्यव्यवहाराच्या विरोधात" असं लिहिलं की नेमकं होतं. पँथरचं भांडण गावकुसाशी, जातीशी, पोलीस ठाण्याशी होतं, त्याला साहित्यव्यवहार म्हटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. तुमच्या लेखात पुढच्या ओळीत मासिकांची नावं आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे पहिला अर्थ. "प्रस्थापित साहित्यव्यवहाराशी फटकून असलेले लेखक" करून बघा, आणि नाही बसलं तर तो पूर्ण परिच्छेद इथेच टाका, बघू.